महादूच्या नावावरचे धडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं काहीच लपत नाही, अगदी हॉटेलात खाल्लेली भजीसुद्धा.

साठ सालच्या आसपास मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर मास्तर होतो. वाचायचं भारी वेड, आणि वाडीत छापील असं क्रमिक पुस्तकांपलीकडे काही नाही. एकदा महाडच्या बाजारातून आणलेल्या डाळीच्या पुडीवर जाहिरात दिसली — टपालाने ख्रिस्ती धर्मशास्त्र शिका, धडे फुकट. फुकट! आणखी काय हवं?

पण गुरुजी बाटले, असं कुणी म्हटलं तर? म्हणून मी — थांबा, आधी टपालाचं सांगतो. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला. त्यांची पत्रं पोस्टमन माझ्याकडे टाकी आणि मी ती घरोघर वाचून दाखवी. म्हणजे पाकीट कुणाच्याही नावाचं असो, येणार माझ्याच हातात. कळलं ना, मी काय केलं ते? शेजारच्या महादूचं नाव दिलं. महादूला अक्षर येत नव्हतं.

धडे मात्र मनापासून केले. खडकावर बी फेकणारा तो शेतकरी वाचून हसलो. आमच्याकडे असं बी उधळलं तर बाप कानफटात देईल. नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून एकामागे जाणारा मेंढपाळही पटला नाही — इकडे वाघ आहे. पण येशूला धरून नेल्यावर "मी त्याला ओळखत नाही" म्हणून तीनदा कानांवर हात ठेवणारा तो शिष्य! कोंबडा आरवला तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं. मला त्याचा असा संताप आला की उत्तरात लिहिलं, इतका भित्रा माणूस आमच्या तालुक्यात सापडणार नाही. तपासणाऱ्याने शेजारी "छान" लिहिलं होतं.

मग मी शाळेच्या कामाला दोन दिवस महाडला गेलो, आणि नेमकं तेव्हाच प्रमाणपत्र आलं. पोस्टमनने ते देवळासमोर, सगळ्यांदेखत महादूच्याच हातात दिलं. वर ठसठशीत क्रूस.

परतलो तर गावकी बसलेली. महादू बाटला! त्याच्या मुलीची सोयरीक ठरत आली होती. महादू वाळीत पडला असता तर ती मोडलीच असती. पंचांनी मला विचारलं, टपाल तुमच्या हातून जातं, तुम्हाला काय माहीत? मी म्हणालो, काही नाही. महादूच्या बायकोने विहिरीवर विचारलं. काही नाही. माझा संशय कुणालाच आला नाही — गुरुजी खोटं कशाला बोलतील?

शेवटी ठरलं, गावदेवीला कोंबडा द्यायचा, म्हणजे दोष फिटला. कोंबडा काखेत घेऊन देवळाकडे निघालेला महादू माझ्या दारात थांबला.

"गुरुजी, मला लिवता येत नाय, ह्ये तुमाला ठावं हाय. येवढं तरी सांगा की त्यांना."

मला यातलं काही माहीत नाही, म्हणालो. तिसऱ्यांदा.

इथे कोंबडा आरवला असं लिहायचा मोह होतो. नाही आरवला. काखेत दाबलेला, आरवणार कसा?

"त्या कागदावर काय लिवलंय, येवढं तरी सांगा," महादू म्हणाला.

"उत्तम श्रेणीत पास."

"पास?" तो जरा ताठ झाला. त्याच्या घराण्यात कुणी कशात पास झालं नव्हतं. खरा नापास झालो होतो तो मी.

सोयरीक टिकली. महादूला मात्र लोक मरेपर्यंत "पादरी" म्हणत राहिले. तो हसून ओ द्यायचा. मीही त्याला पादरीच म्हणायचो — हो, मीही. लाज वाटायची, तरी म्हणायचो.

आणि त्या दुपारची देवळातली पंगत. गुरुजींचा मान म्हणून कोंबड्याची तंगडी महादूने स्वतःच्या हाताने माझ्या पानात वाढली.

मी ती खाल्ली. रस्सा दोनदा मागून घेतला.