पडद्याबाहेरचा हात

राजवाड्याच्या मागच्या अंगाला धुण्याचे दगडी हौद होते. तिथल्या धुणेवालीला सगळे निळी म्हणत. बाई काही जन्माची निळी नव्हती. पांढऱ्या चादरींना नीळ घालून घालून तिची नखं अशी रंगली होती की चारचौघांत जेवायला बसली की ती बोटं आत दुमडून घ्यायची. आईबापांनी ठेवलेलं नाव कुणाच्या लक्षातही नव्हतं. नवरासुद्धा 'निळे' अशी हाक मारायचा, आणि तेवढ्यात त्याचं बोलणं संपायचं.

धुणं हे निळीचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं काम तोंड उघडायचं. दर महिन्याला राणीच्या महालातून विटाळाच्या कपड्यांची एक झाकलेली टोपली खाली यायची. ती आली की निळीने राणीच्या सासूपुढे, थोरल्या बाईसाहेबांपुढे, जाऊन उभं राहायचं आणि 'टोपली आली' एवढंच सांगायचं. थोरल्या बाईसाहेब उसासा टाकायच्या. तो उसासा मुदपाकखान्यात जायचा, तिथून तबेल्यात, आणि दिवस मावळायच्या आत बाजारात भाजी निवडणाऱ्या बायकाही 'याही महिन्यात नाही हो' म्हणून हळहळायच्या. राणीच्या दाराला पडद्यावर पडदे, पण तिचं पोट मात्र चव्हाट्यावर.

निळीच्या टोपलीची चौकशी करायला कोण बसलंय? धाकट्याच्या बाळंतपणापासून तिचं अंगावर जाणं थांबलंच नव्हतं. कपडे पिळताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग हौदाच्या कठड्याला धरून ती साबण शोधत असल्याचं सोंग करायची. सासूला सांगून पाहिलं, तर सासू म्हणाली, बायकांचं असंच असतं, मला काय नव्हतं? नवऱ्याला सांगितलं, तर तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आणि हौदावर तर बोलायची सोयच नव्हती. आजारी बाईने राजाघरच्या कापडाला हात लावायचा नाही असा तिथला कायदा. कळायचा अवकाश, तिच्या जागी दुसरी उभी राहिली असती, आणि घरात खाणारी तोंडं काही कमी नव्हती.

इकडे थोरल्या बाईसाहेबांचा धीर सुटला. त्यांनी मोठ्या वैद्यांना बोलावणं धाडलं. राणीत खोट आहे एवढं ते म्हणाले की दुसरी सून आणायला मोकळीक. वैद्य हुशार माणूस, पण राणीला त्यांनी पाहायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, असा रिवाज. पडद्याला एक भोक. त्यातून राणीने हात बाहेर काढायचा, वैद्यांनी मनगट धरायचं, आणि उरलेली राणी अंदाजाने ओळखायची.

नेमकी त्याच वेळी निळी धुतलेल्या चादरी घेऊन महालात आली. गठ्ठा ठेवायला वाकली ती उठलीच नाही, तिथेच खाली बसली. चेहरा पांढराफटक. राणीने विचारलं, काय होतंय तुला? आता आजवर हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे खोटं उत्तर तयार नव्हतं. निळीने सगळं कुजबुजत सांगून टाकलं.

पडद्यापलीकडे वैद्य खाकरले.

"माझ्या टोपलीची वर्दी तूच देतेस ना?" राणीने हळूच विचारलं.

निळीचं उरलंसुरलं रक्तही आटलं. "पोटासाठी करते, राणीसाहेब."

"हेही सगळं पोटासाठीच चाललंय. आण तो हात."

राणीने आपलं कडं तिच्या मनगटात चढवलं आणि निळीचा हात भोकातून बाहेर सरकवला.

वैद्यांनी बराच वेळ नाडी धरली, आणि जे होतं ते त्यांना बरोबर कळलं. वर्षानुवर्षं रक्त जातंय, त्यात पाण्यात उभं राहणं, ओझी उचलणं. थोरल्या बाईसाहेब उखडल्या. हिने जन्मात पंख्याहून जड काही उचललेलं नाही, ओझी कसली? वैद्य म्हणाले, नाडी तसं सांगते. नखं पाहून मात्र तेही चक्रावले. पण 'मला माहीत नाही' म्हणणारा वैद्य राजवाड्यात टिकत नसतो. तेव्हा ते म्हणाले, हे दुखणं राजघराण्यांतच आढळतं.

उपाय ठरला. काढा, दूध, खजूर. हात पाण्यात घालायचा नाही, तीन महिने अंथरूण सोडायचं नाही, आणि राजेसाहेबांनी महालाकडे फिरकायचं नाही. हे शेवटचं ऐकून राणीने तोंडात पदर कोंबला. बाहेरच्यांना वाटलं, रडतेय बिचारी.

असल्या दुखण्याचे कपडे खाली हौदावर नकोत, धुणेवाली वरच राहील, असं राणीने कळवलं. ते थोरल्या बाईसाहेबांनाही पटलं. घरी निळीचा नवरा नाइलाजाने चूल पेटवायला शिकला.

निळीला आधी राणीच्या पलंगावर नुसतं पडून राहताच येईना. डोळा लागायचा आणि हात आपोआप पिळायला लागायचे. पण दूध-काढा तिच्या पोटात जायचा, आणि न्हाणीघरात राणी पदर खोचून कपडे धुवायची. निळीने तिचीही नखं रंगून निघाली, पण ती हटली नाही. आपली टोपली कुणाच्या नजरेला पडत नाही, याचंच तिला केवढं अप्रूप.

"असं पिळतात होय? मांजराला आंघोळ घालताय जणू," निळी पलंगावरून बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"गप पड. राणी आजारी आहे," राणी म्हणाली.

दुसऱ्या महिन्यात निळीचं रक्त जाणं थांबलं. आधी तिचा विश्वास बसेना. मग एका सकाळी कोरडं फडकं हातात धरून ती लहान पोरीसारखी रडली. राणी येऊन शेजारी बसून राहिली.

वैद्य पुन्हा आले तेव्हा राणीने स्वतःचाच हात बाहेर काढला. नाडी ठणठणीत! नखं मात्र निळी ती निळीच. वैद्यांना बक्षीस मिळालं. राणी ठणठणीत असूनही काही घडेना, तेव्हा थोरल्या बाईसाहेबांनी दुसरी सून आणलीच.

नवी राणी म्हणजे पोरसवदा, घाबरलेली. वर्ष गेलं, टोपल्या येतच राहिल्या, पुन्हा वैद्य, पुन्हा पडदा. पहिल्या राणीने निरोप धाडला आणि निळी हात पुसत वर आली. नव्या राणीऐवजी तिनेच भोकातून हात बाहेर काढला. वैद्यांनी मनगट धरलं. नाडी घोड्यासारखी. ते म्हणाले, दोन्ही राण्या ठणठणीत, खोट यांच्यात नाही.

आता उरला कोण, हे दिवाणखान्यातल्या प्रत्येकाला कळलं, आणि प्रत्येकजण छताकडे बघू लागला. पडद्याला आणखी एक भोक पाडावं, असं कुणी सुचवलं नाही. तिसरी सून आली नाही, एवढं मात्र झालं. पुतण्याला दत्तक घेतलं, आणि टोपलीची वर्दी बंद झाली.

निळी त्याच हौदांवर म्हातारी झाली. पुढे चारचौघांत जेवताना ती बोटं चांगली पसरून बसायची. कुणी नखांबद्दल विचारलंच, तर घास गिळून शांतपणे सांगायची, "मोठ्या घरचं दुखणं आहे, बाई. वैद्यांनीच सांगितलंय."