न संपणारा उतार

माझी भाची ऋचा मोबाइलसाठी खेळ तयार करते. तिच्या नव्या खेळात एक मुलगी फळीवर उभी राहून बर्फाच्या डोंगरावरून घसरत जाते, एवढंच. ऋचाने बर्फ कधी पाहिलेला नाही. फळीखालची करकर तिने कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी दाबून ध्वनिमुद्रित केली. कंपनीतले लोक या खेळाला ‘शांततेचा अनुभव’ म्हणतात. शांततेलाही हल्ली जाहिरात लागते.

रविवारी गेलो तेव्हा ताई, म्हणजे ऋचाची आई, खिडकीशी बसून तोच खेळ खेळत होती. पडद्यावर संध्याकाळ उतरत होती, झाडं निळी होत होती आणि तो निळा उजेड ताईच्या चेहऱ्यावर पडला होता. दृश्य सुंदर होतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. घरातलं माणूस गेलं की उरलेली माणसं रडतात, भांडतात, त्याच त्या आठवणी पुन्हा सांगतात. भाऊजी गेल्यापासून ताईने यातलं काहीच केलेलं नाही. तिचं दुःख बोटाखाली गुळगुळीत होऊन नुसतं घसरत होतं.

“आई, वरण गार झालं गं,” ऋचा म्हणाली.

“एवढा डोंगर उतरते आणि येते.”

ऋचा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “मामा, आधी डोंगराला पायथा होता. तिथे पोचलं की लोक खेळ बंद करायचे, म्हणून मीच तो काढून टाकला.”

मग ती ताट घेऊन आईजवळ बसली आणि वरणभाताचा घास तिच्यापुढे धरला. पडद्यावरची नजर न काढता ताईने तोंड उघडलं.