चारच्या भोंग्याचा चहा

स्टोव्हला पंप मारतानाचा आवाज आठवतो का तुम्हाला? आधी रॉकेलचा उग्र वास, मग काकड्याची पिवळी ज्योत, मग दम धरत धरत चढत जाणारी ती घरघर, आणि तिच्या पाठोपाठ उकळत्या पाण्यात पडलेल्या चहापत्तीचा तुरट, कडसर, जीव ओढून नेणारा गंध! आज माझ्या स्वयंपाकघरात गॅस आहे, तो बिचारा मुकाट्याने पेटतो. पण दुपार कलली की माझ्या कानात तो जुना स्टोव्ह अजून बोलू लागतो, आणि चहा समोर यायच्या कितीतरी आधी मी मनाने तो पिऊन बसलेली असते.

माझी नात डॉक्टरकी शिकते. परवा तिने मला समोर बसवून सांगितलं की आजी, आपल्या मेंदूत डोपामाइन नावाचं एक रसायन असतं, आणि माणसं समजतात तसं ते सुखाचं रसायन नाही. ते सुखाच्या आशेचं रसायन आहे. चहाचा घोट घशाखाली उतरतो तेव्हा ते फारसं उसळत नाही. ते उसळतं स्टोव्हच्या आवाजाला, कपबशीच्या किणकिणाटाला, ‘आता मिळणार’ या एका कल्पनेला! आणि रोज तेच मिळू लागलं की ते रुसतं, म्हणतं, आणखी आण. मी हसले. म्हटलं, बाई गं, तुझ्या पुस्तकातलं हे रसायन मला चांगलं ओळखीचं आहे, मी त्याच्याशी एका घरात संसार केला आहे. तिला ते काही कळलं नाही. तुम्हाला मात्र सांगते.

तसं पाहिलं तर या ‘आणखी’ची पहिली ओळख मला माहेरी, अमरावतीलाच झाली. संत्र्यांच्या दिवसांत आमच्या ओसरीवर पाट्या उतरत, आणि आम्ही भावंडं भोवती बसून सोलत सुटायचो. तोंडात पहिल्या संत्र्याची फोड असताना हात दुसऱ्या संत्र्यावर गेलेला असे आणि डोळे तिसऱ्यावर. मग खात तरी कोणतं होतो आम्ही? जे तोंडात होतं त्याची चव कोणालाच ठाऊक नसे, कारण जीव सगळा पुढच्या फळात अडकलेला. सारी ओसरी सालींनी भरून जाई, पोटं तुडुंब होत, आणि तरी आई उरलेल्या पाट्या उचलू लागली की आम्ही भोकाड पसरत असू.

एकोणीसशे साठच्या आगेमागे मी लग्न होऊन अकोल्याला आले. घरात पुरुषमाणसं दिवसभर कामावर, आणि मागे आम्ही दोघी जावा. माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणजे उंच, सावळ्या, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारख्या. माझ्या अमरावतीच्या नाजूक पोळ्यांना त्या पहिल्याच दिवशी ‘पापड’ म्हणाल्या आणि त्यातल्या चार खाऊन उठल्या! त्यांना एकच व्यसन होतं, चहाचं. गावातल्या गिरणीचा दुपारचा चारचा भोंगा वाजला की त्या हातातलं काम असेल तिथे टाकून उठायच्या, स्टोव्ह पेटवायच्या, आणि निळ्या फुलांचा आपला कप भरून मागच्या अंगणात जायच्या.

मागच्या अंगणाला छातीइतकी मातीची भिंत होती, आणि भिंतीपलीकडे जुबैदा खाला राहायच्या. खाला बाळापूरची लेक. त्यांचे मियाँ कापूस पिंजून गाद्या-रजया भरून द्यायचे, त्यामुळे खालांच्या केसांत, भुवयांवर सदैव कापसाचे तंतू असायचे. भोंग्याबरोबर त्याही आपला कप घेऊन भिंतीशी येत. दोघींचे कप भिंतीवर शेजारी शेजारी. हिचा हिने प्यायचा, तिचा तिने. एकमेकींच्या घरचं पाणीही ओठाला लावायचं नाही, अशी तेव्हाची रीत होती, आणि त्या रीतीचं वाईट कोणाला वाटत असलं तरी ते कोणी बोलून दाखवत नसे. पण गप्पांना कुठलं सोवळं? तिखटापासून सासूपर्यंत, कापसाच्या भावापासून पोटातल्या दुःखापर्यंत सगळं त्या भिंतीवरून इकडून तिकडे जाई.

चहा मात्र वाढत चालला होता. मी आले तेव्हा अर्धा कप होता, वर्षभरात तो भरला, मग त्याला बशीभर पुरवणी जोडली गेली, मग पत्ती दुप्पट झाली, आणि तरी जाऊबाई म्हणायच्या की पूर्वीसारखी मजा येत नाही. एके दिवशी पत्ती संपली होती, तर भोंगा वाजल्यावर त्या घरभर अशा फिरल्या की मी भिऊन गेले. डोकं दुखून आलं, माझ्यावर खेकसल्या, भिंतीपलीकडून हाक आली तर खालांवरही खेकसल्या. संध्याकाळी शांत झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “कुसुम, भोंगा वाजला का माहे पाय आपोआप चालाले लागतात व. हे काही बरं नाही.”

पुढच्याच आठवड्यात आषाढी एकादशी आली. त्या दिवशी पेठेतल्या देवळात आम्ही बायका जमत असू, आणि चातुर्मासासाठी कोण काय सोडणार ते देवासमोर एकेकीने सांगायचं असे. त्यातली गंमत तुम्हाला माहीत असेलच. एकीने कारलं सोडलं, जे तिला मुळीच आवडत नव्हतं. मी मोठ्या गंभीर मुद्रेने फणस सोडला. अकोल्याच्या बाजारात फणस मी कधी पाहिलेलाच नव्हता! जाऊबाईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, “चहा.” देवळात अशी शांतता पसरली की बाहेर बांधलेल्या बकरीचं चघळणं ऐकू यावं. पोथी सांगणारे गुरुजीदेखील चष्म्यावरून बघत राहिले.

पहिले दिवस कसे गेले ते विचारू नका. डोक्याला घट्ट फडकं बांधून जाऊबाई घरात वावरत. सकाळी आणि दिवेलागणीला पुरुषांसाठी मी चहा टाकला की त्या देवघरात जाऊन दार ओढून घेत. आणि दुपारचे चार? भोंगा वाजायच्या आधीच त्या मागच्या दाराला कडी घालत आणि पुढच्या खोलीत जाऊन वाती वळत बसत. भिंतीकडे म्हणून फिरकत नसत. खालांच्या कपाचा वास आला तर आपला नेम मोडेल, ही त्यांची धास्ती मला ठाऊक होती. पण खालांना कोण सांगणार? नेमाचा गवगवा करू नये म्हणतात, म्हणून जाऊबाई गप्प, आणि मोठ्यांच्या मध्ये बोलू नये म्हणून मी गप्प. अशा शहाणपणाने आम्ही दोघींनी मिळून काय घोळ घालून ठेवला होता ते भाद्रपदात कळलं.

मी मागे वाळवण काढायला गेले होते. भिंतीपलीकडून खालांनी मला हळूच हाक मारली. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाल्या, “बेटा, एक विचारतो, राग नको धरू. तुह्या जाऊबाईचं हे सोवळं चार महिन्याचंच हाय, का आता कायमचं? माह्या हातून काही चुकलं असन तं सांग.” त्या बाईने दोन महिने बंद दाराकडे पाहून काय काय मनात आणलं असेल! चातुर्मास लागला आणि शेजारीण आपल्याला विटाळाची समजू लागली, याखेरीज दुसरा कोणता अर्थ तिला लागणार होता?

मी धावत जाऊन जाऊबाईंना सांगितलं. त्यांच्या हातातली वात तशीच राहिली. मग त्या उठल्या, “अवं, मी तं चहाले भेत होती, तिले नाही,” असं स्वतःशीच म्हणाल्या, आणि मी उघडंच टाकलेल्या मागच्या दाराने भरभर भिंतीशी गेल्या.

“जुबैदाबी, मी चहा सोडला व. तुह्या कपाचा वास आला तं माहा नेम मोडते, मनून येत नव्हती.”

खाला अशा हसल्या की भुवयांवरचा कापूस उडाला. “कोनता कप? तू यायची बंद झाली त्या दिवसापासून मी चारचा स्टोव पेटवलाच नाही. एकटीच्या घशाखाली उतरत नाही तो.”

म्हणजे ज्या वासाला भिऊन दाराला कडी घातली होती, तो वास तिथे नव्हताच! दोघी हसता हसता रडल्या, आणि मी वाळवण तिथेच टाकून त्यांच्यात सामील झाले. मग रोज चारला त्या दोघी भिंतीशी रिकाम्या हाताने उभ्या राहू लागल्या. आरंभी फार अवघड गेलं; हात कुठे ठेवावेत तेच सुचेना, बोलणं अर्ध्यावर तुटे. पण दिवस गेले तशी जिभेची आणि मनाची धग निवत गेली. मला आठवतं, आश्विनात खालांनी परसातला एक पेरू चिरून भिंतीवर ठेवला, आणि रीतभात विसरून जाऊबाईंनी त्याची फोड तोंडात टाकली. डोळे मिटून म्हणाल्या, “कित्ती गोड व! पेरू असा लागते?” तोच पेरू दरवर्षी त्या झाडाला येत होता. आणखीची हाकाटी थांबल्यावर जिभेला जणू पुन्हा ऐकू येऊ लागलं होतं.

कार्तिकी एकादशी आली आणि नवाच पेच पडला. जी वस्तू सोडली ती आधी दुसऱ्याला दान द्यायची, मगच आपण घ्यायची, असा नियम. चहा कोणाला दान द्यावा? गुरुजींनी पोथी पुढून चाळली, मागून चाळली. पोथीत चहा नव्हता. अखेर ते म्हणाले, “बाई, ज्याले त्याची तहान हाय त्याले द्या, देवाले पोचते.” जाऊबाईंनी मान डोलावली.

द्वादशीला भोंगा वाजला. चार महिन्यांनी चारचा स्टोव्ह घरघरला, आणि तो गंध उठला तसा मी जाऊबाईंचा चेहरा पाहिला. नवरीचा असावा तसा तो फुलला होता. निळ्या फुलांचा कप त्यांनी काठोकाठ भरला, त्यावर तुळशीचं पान ठेवलं, आणि भिंतीशी जाऊन तो दोन्ही हातांनी पलीकडे दिला. खाला बावरल्या. “माह्या हातात? तुहा कप?”

“दान हाय. परत घेता येत नाही मले. तुहाच झाला तो आता.”

खालांनी कप घेतला. तुळशीचं पान अलगद उचलून त्यांनी ओढणीच्या टोकाला बांधलं. मग त्यांच्या लक्षात आलं. “मंग तू कशात पिशीन व?” असं म्हणून त्या घरात गेल्या, आपला स्टोव्ह पेटवून, कान तुटलेला पांढरा कप घासून पुसून, ताज्या चहाने भरून घेऊन आल्या आणि जाऊबाईंच्या हाती दिला. जाऊबाईंनी एक घोट घेतला. चार महिने जो घोट मनात घोळवला होता तो अखेर घशाखाली उतरला, आणि त्या नवलाने खालांकडे पाहून म्हणाल्या, “एवढासाच असते का व हा?”

दोघी खळखळून हसल्या, कप भिंतीवर ठेवले आणि बोलायला लागल्या. दिवेलागण झाली तरी बोलतच होत्या. मी कप उचलायला गेले, तर दोन्ही कपांवर जाड साय धरली होती. जाऊबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, “राहू दे. पिऊ मंग.”