टपावरचा पाळणा

आम्ही मस्कतहून निघालो तेव्हा गाडीत चार माणसं होती आणि टपावर एक पाळणा.

आमच्या ओळखीच्या मराठी घरांत मिळून हा एकच शिसवी पाळणा आहे. कुणाकडे बारसं असलं की तो तिथे जातो, आणि बारसं उरकलं की सीब उपनगरातल्या जोशीकाकूंच्या खोलीत परत येतो. मस्कतबाहेर तो कधी गेलेला नव्हता. पण यंदा माझ्या ताईला मुलगी झाली आणि ताई राहते सलालाला, म्हणजे वाळवंट ओलांडून दिवसभराच्या वाटेवर. काकूंनी पाळणा दिला खरा, पण वर म्हणाल्या, "एक ओरखडा जरी दिसला ना, तर तुमच्या धाकटीचं बाळ पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपवा." धाकटी म्हणजे मी. लग्नाचा पत्ता नसताना मी गंभीरपणे मान हलवली.

पाळण्याचे खांब गाडीत मावेनात. म्हणून बाबांनी ओमान सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाकडून टपावर बसवायची लांबट काळी पेटी विकत घेतली. टपावर दोन आडव्या दांड्या असतात. पेटीच्या तळाचे चार क्लॅम्प त्यांना आवळायचे, की झालं. सोबत पुस्तिकाही होती. ती वाचणारी घरात मी एकटीच. 'थोडं अंतर गेल्यावर थांबा आणि क्लॅम्प पुन्हा आवळा,' असं तिच्यात लिहिलं होतं. वरून पट्टा बांधलात तर त्याला एक पीळ द्या, नाहीतर तो वाऱ्यात गुणगुणतो, असंही होतं.

"पुस्तिका वाचणारे वेगळे आणि काम करणारे वेगळे," बाबा म्हणाले.

तीन क्लॅम्प आवळून झाले आणि काकूंचा फोन आला. पाळण्याखाली गादी घातली का, कोणती घातली, जुनी की नवी. फोन संपवून बाबांनी पेटीवरून पट्टा खेचून बांधला. आईने पेटीला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला.

"बाबा, चौथा क्लॅम्प..."

"अगं, नारळ फुटला."

आमच्या घरात नारळ फुटला की काम पूर्ण झालं असं धरतात. त्यानंतर स्क्रूड्रायव्हर काढणं म्हणजे अपशकुन.

अदमपर्यंत सगळं ठीक होतं. गाव मागे पडलं, रस्ता सरळ झाला, बाबांनी वेग वाढवला आणि टपावरून एक लांब, अखंड आवाज सुरू झाला. ऊंऊंऊं. आई घाबरली. पुण्याहून बारशासाठी आलेली सुमनआत्या मात्र सावरून बसली. आत्याचा गाण्याचा क्लास आहे.

"दादा, काळी चार! अगदी तंबोरा लावल्यासारखा." आणि तिने त्या पट्ट्याच्या सुरावर तोडी सुरू केली. खिडकीबाहेर बघायला काही नव्हतं. पिवळट सपाट जमीन, विजेचे खांब, मधूनच एखादा उंट. आत्याची तोडी तिथे शोभत होती, हे मला मान्य करावं लागलं.

हैमा जवळ आलं तशी ती अचानक थांबली. "अर्धा सूर उतरला."

"सुमे, वय झालं. कान उतरला असेल," बाबा म्हणाले.

"दादा, याच कानावर माझ्या क्लासात पोरी नापास होतात."

दोघांची जुंपली. मी मनात हिशोब मांडत होते. ताणलेला पट्टा उंच वाजतो. सूर उतरला म्हणजे पट्टा सैल झाला, आणि सैल झाला म्हणजे पेटी हलली. "थांबवा," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मग मी ओरडले, "बाबा, गाडी थांबवा!" कोण ओरडलं हे पाहायला बाबांनी आरशात बघितलं.

समोरच्या पेट्रोलपंपावर उतरून बघतो तर पेटी रुसलेल्या जावयासारखी तोंड फिरवून बसलेली. चौथा क्लॅम्प नुसता लोंबकळत होता. पाळणा अजून टपावर होता तो त्या पट्ट्याच्या कृपेने.

लगेच माणसं जमली. मल्याळी टँकरवाला म्हणाला, "साब, ऊपर से मोटा रस्सी मारो." पंपावरचा माणूस म्हणाला, पेटी इथेच ठेवा, परत येताना न्या. पिकअपमध्ये बसलेला उंट घेऊन चाललेले एक ओमानी आजोबा उतरून जवळ आले. "अंदर क्या है?"

"बच्चे का झूला," बाबा म्हणाले.

"बच्चा कहाँ?"

"सलाला."

आजोबांनी विचार केला. "बच्चा सलाला, झूला मस्कत?" मग पेटीवर थाप मारून म्हणाले, "पहुँचेगा, इन्शाल्ला (देवाच्या मनात असेल तर)."

"इन्शाल्ला नको, नक्की काय ते सांगा म्हणावं," आई माझ्या कानात कुजबुजली.

बाबांनी पट्टा नुसता ओढून घट्ट करायला घेतला. एवढ्या अनोळखी पुरुषांसमोर बोलायचं म्हणजे मला मराठी वाक्यही आधी मनात जुळवावं लागतं. पण पट्टा सुटला असता तर पाळणा मागच्या ट्रकखाली गेला असता.

"नाही बाबा. आधी पाळणा खाली. पेटी रिकामी करून पुन्हा बसवायची. मी सांगते तशी."

बाबा काहीतरी बोलणार होते. आजोबा त्यांना म्हणाले, "यल्ला (चला), लड़की बोलती है."

मग चटईवर पाळणा उतरला. उंट त्याच्याकडे मान वळवून बघत राहिला. बाबांनी आणि आजोबांनी पेटी उचलून धरली. मी दाराच्या कडेवर चढून चारही क्लॅम्प दांडीवर सरळ बसवले आणि आळीपाळीने आवळले. धरून हलवलं तर पेटीसोबत गाडी हलली. पट्ट्याला पीळ मात्र दिला नाही. सैल झाला तर आत्याला कळेलच.

"एवढं करतेयस तर जरा काळी चारला लावून दे," आत्या म्हणाली.

थुमरैतनंतर घाट उतरताना जमीन अचानक हिरवी झाली आणि काचेवर धुक्याचे थेंब आले. खरीफ (इथला पावसाळी मोसम) सुरू होता. पाळणा कोरडा पोचला. दुसऱ्या दिवशी बारशाला ताईच्या ओमानी शेजारणीने लुबान (धूप) जाळला, खजुराचं ताट आणलं, आणि आमच्याबरोबर घुगऱ्या खाल्ल्या. सकाळपासून रडरड रडलेली ताईची लेक पाळण्यात ठेवताच झोपली; नाव ठेवलं ईरा.

सीबला परतलो तेव्हा जोशीकाकू फाटकातच उभ्या होत्या. "काढा, काढा लवकर. बघू दे मला." आणि त्यांनी स्वतःच पट्टा ओढायला हात वर केला.

प्रवासात माणूस बदलतो म्हणतात. मी फारशी बदलले नाही. आजही टॅक्सीत पत्ता सांगताना माझा आवाज फुटत नाही. पण त्या दिवशी मी म्हणाले, "काकू, हात लावू नका. मी सांगेन तेव्हा."

काकूंनी हात खाली घेतला. बाबा आधीच मागे सरकून उभे होते.