आईची निळी होडी

आईनं खाणं सोडलं तेव्हाची गोष्ट. विसरण्याचा आजार जुनाच होता. आधी चुलीवरचं दूध विसरली, मग शेजारणी विसरली, मग मला. मला 'बाई' म्हणायची. घास पुढं केला की तोंड फिरवायची आणि एकच धोशा, माझी निळी होडी दाखवा, माझी लेक तिथंच हाय. लेक म्हणजे मीच की, तिच्यासमोर ताट घेऊन बसलेली! पण सांगून उपयोग काय? पुण्याचा भाऊ फोनवर म्हणायचा, डॉक्टर बदल. तोंडाची वाफ दवडायला त्याचं काय जातं.

होडी सिद्धेश्वर धरणाच्या काठावर, लिंबाखाली पालथी पडली होती. वडील गेल्यावर आईनं त्याच होडीतून जाळं टाकून आम्हाला वाढवलं. मी पुढच्या फळीवर बसून आत शिरलेलं पाणी उपसायची. म्हणून आईला धरून धरून तिथं नेलं, तर म्हणाली, ही कोणाची? आमची निळी हाय.

तिचं तरी काय चुकलं? होडी काळीठिक्कर पडली होती. शेवाळ, पाखरांची घाण, आणि तोंडावर, पुढच्या टोकाला, तर बोटभर जाड थर. हंगाम सुरू होताना घरच्या बाईनं होडीच्या तोंडाला तेलात कालवलेली हळद लावायची आणि ती पुसायची नाही, पाण्यानंच न्यायची, अशी आमची रीत. आईचा हात सढळ. पाणी कसलं नेतंय! वर्षानुवर्षांचं तेल धूळ खाऊन डांबर झालं होतं.

माझ्या मनानं घेतलं, होडी निळी झाली तर आई ती ओळखेल, आणि होडी ओळखली तर तिच्यात बसणारी पोरगीपण ओळखेल. ओळखलं की माझ्या हातचं खाईल. येडी आशा, मला कळत होतं. पण दुसरं होतं काय माझ्याकडं?

पहिल्या दिवशी तांब्याचा हंडा घासावा तशी राखेनं आणि विटकरीच्या भुग्यानं घासली. अक्कल गहाण टाकलेली! काळं तसूभर हललं नाही, उलट बाजूचा धड रंग चुना फासल्यासारखा पांढुरका पडला. मी तिथंच कपाळ बडवून घेतलं. होडीला, भावाला, देवाला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

मग आठवलं, हाताला डांबर लागलं की आई ते तेलानंच काढायची. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या त्या थरावर चिकटवून ठेवल्या. थर मऊ पडला, तशी लाकडी उलथन्यानं खरवडत गेले. आतून पिवळी हळद निघाली, आईनं लावलेली. ती काढताना हात थांबला, खोटं कशाला बोलू. तरी काढली. मग साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं. पांढुरक्या जागी वसमतहून आणलेलं मोटारीचं पॉलिश गोल गोल चोळत बसले. दंड भरून आले, नखं काळी झाली. रोज घरी जाऊन घास पुढं करायचा, रोज तिनं तोंड फिरवायचं, चमचाभर दूध-पाणी तेवढं आत जायचं. तिच्या गळ्याची हाडं वर आली होती. मला रात्री झोप येईना.

शेवटी होडी अशी चकाकली की तिच्यात लिंबाच्या फांद्या दिसायला लागल्या. शेजाऱ्यांच्या जीपमधून आईला आणलं. तिनं होडीच्या अंगावरून तळहात फिरवला, पार टोकापर्यंत.

"आमचीच हाय," ती म्हणाली.

मी तिला होडीला टेकवून बसवलं, दुधात कुस्करलेल्या भाकरीचा घास पुढं केला. तिनं खाल्ला. दुसराही खाल्ला. मला रडू आवरेना. वाटलं, आली माझी आई परत.

ती माझ्या काळ्या नखांकडं बघत होती.

"बाई, लई तकलीफ घेतली तुमी. माझी लेक आली की सांगते तिला. नाव काय तुमचं?"

मी नाव सांगितलं.

"माझ्या लेकीचंबी हेच हाय," ती म्हणाली, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.