मुका सोमवार आणि बंद कॉम्प्युटर

एकट्या बाईच्या घरात किस्से कुठून येणार, असं मला वाटायचं. किस्से व्हायला चार माणसं लागतात. एकानं सांडायचं, दुसऱ्यानं रागवायचं, तिसऱ्यानं हसायचं. हे गेले, विशाल नोकरीला पुण्याला गेला, आणि दारव्ह्याच्या घरात मी, देव्हारा आणि विशालचा कॉलेजातला कॉम्प्युटर एवढेच उरलो. पण त्या कॉम्प्युटरला दुसरी हार्डडिस्क काय लावली, किश्श्यांचा ढीगच पडला! आमच्या भजनाच्या बायका आता टाळ ठेवल्याबरोबर म्हणतात, "सांग वं, मंग काय झालं?"

त्या कॉम्प्युटरवर मी भजनं टाइप करून ठेवते. विशालच्या फोटोंनी त्यातली जागा भरली, म्हणून त्यानं त्याच्याजवळ पडून असलेली एक डिस्क पाठवली. म्हणाला, "मी फोनवर सांगतो, तू लाव."

एक गोष्ट आधीच सांगते. तोवर विशालचा फोन रविवारी यायचा. "जेवलीस? गोळ्या घेतल्या? ठेवतो." कॉम्प्युटर बंद पडला आणि फोन रोज यायला लागला, दिवेलागण झाली की. चांगला अर्धा अर्धा तास! मग देवापुढे हात जोडले की नेमकं काय मागावं, तेच समजेना.

*

नवी वस्तू घरात आली की मी आधी हळद-कुंकू वाहते. फ्रिजला वाहिलं, मिक्सरला वाहिलं, मग डिस्कनं काय पाप केलं? पाटावर ठेवली, अक्षता टाकल्या, नमस्कार केला. मग विशालनं सांगितलं तसे कॉम्प्युटरच्या डब्याचे स्क्रू काढले आणि वायर जोडली. पण कॉम्प्युटरला डिस्क दिसेचना.

"आई, वायर पूर्ण आत गेली का?"

"नाही रे बाबू, काहीतरी आडवं येऊन राह्यलं."

"काढून पाहा बरं, खाचेत काय आहे."

पाहिलं. तांदळाचा दाणा!

विशाल म्हणाला, "आई, खरं सांग. तिची ओटी पण भरली का?"

*

दाणा काढला, वायर बसली, आणि कॉम्प्युटर सुरू व्हायचाच थांबला. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी ओळ, की सुरू व्हायला लागतं ते काही सापडत नाही.

विशालनं समजावलं, "आता आत दोन डिस्क आहेत. सुरू व्हायचं सगळं सामान जुनीत आहे आणि हा आधी नवीकडे जातो. तिथे ते नाही, म्हणून दारातच उभा राहतो."

"म्हणजे पाहुणा चुकीच्या घरी गेला."

"अगदी बरोबर! त्याला आधी जुनीकडे जा, असं सांगायचं. चालू केल्याबरोबर डिलीटचं बटण दाबत राहा."

डिलीट! मी हात मागे घेतला. त्या डब्यात माझी सगळी भजनं, विशालचे शाळेतले फोटो, ह्यांनी एकदा हौसेनं म्हटलेली आरती.

"डिलीट म्हणजे पुसणं नं रे?"

"त्यानं काहीच पुसल्या जात नाही, आई!"

"आज संकष्टी आहे. आजच्या दिवशी पुसापुशी नको. उद्या कर फोन."

दुसऱ्या दिवशी फोन उचलला तर 'हॅलो' नाही की काही नाही. एकदम म्हणाला, "कॅलेंडर पाहूनच लावला फोन. आज काहीच नाही!"

*

शेजारच्या शोभाताईंचे मिस्टर एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांना राहवेना. आले, डब्याला कान लावला, बराच वेळ ऐकलं.

"वहिनी, आवाज चांगला आहे. पन उचलत नाही. थोडा हलवून पाहावं लागन."

शोभाताई दारातूनच ओरडल्या, "हात नोका लावू! कॉम्प्युटर आहे तो, बोरी अरबची एसटी गाडी नाही!"

भाऊजी शांतपणे म्हणाले, "गाडीच बरी. खाली उतरून ढकलाले निदान माणसं तं राह्यतात."

*

श्रावणात मी मुका सोमवार धरते. सकाळच्या आंघोळीपासून सांजेचं जेवण होईपर्यंत बोलायचं नाही. एकट्या माणसानं मौन धरणं तसं सोपंच. मोडायला कोणी नसतं.

त्या सोमवारी विशालचा फोन जेवणाआधीच आला. उचलला.

"हॅलो, आई? आई! ऐकू येतं का? आई, बरी आहेस नं?"

त्याचा आवाज घाबरलेला. बोलता तर येईना. मी देव्हाऱ्यातली घंटी घेतली आणि फोनजवळ वाजवली.

"अरे हो, सोमवार!" त्याचा जीव भांड्यात पडला. "बरं, तू बोलू नको. हो असंल तर एकदा वाजव, नाही असंल तर दोनदा. चालू करून डिलीट दाबत राहा. निळा पडदा आला का?"

टण.

"त्यात जुन्या डिस्कचं नाव दिसतं?"

टण टण.

"बाणाचं बटण दाबून खाली जा. आता?"

टण!

असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी जुनी डिस्क वर गेली, कॉम्प्युटर सुरू झाला, आणि आनंदानं मी घंटी वाजवतच राहिले. तेवढ्यात दारात शोभाताई, हातात कापूर लावलेलं ताट, डोक्यावर पदर.

"केव्हाची आरती चालू आहे अन् मले आवाज नाही दिला वं?"

तिकडे पुण्यात विशाल हसत होता. किती दिवसांनी तो असा हसला!

*

पण लाईट गेली की कॉम्प्युटर सगळं विसरे आणि पुन्हा नवीच्या दारात जाऊन उभा राही. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट रोज जाते.

विशाल म्हणाला, "आतला सेल संपला आहे. बटणासारखा गोल असतो, घड्याळवाल्याकडेही मिळेल. तो बदलला की झालं. मग मला रोज रोज सांगावं लागणार नाही."

रोज रोज सांगावं लागणार नाही. मी ऐकलं.

शनिवारी लोखंड घेत नाहीत, म्हणून शनिवार गेला. मग अमावस्या आली. मग माझी पोथी लागली. शोभाताई चहा घेता घेता म्हणाल्या, "काहून वं, सेल आनाले बी मुहूर्त पाह्यतं का तू?"

तेवढ्यात फोन आला. पडद्यावर काय आलं ते मी विशालला सांगितलं, मग भाजी काय केली ते सांगितलं, मग त्यानं काय खाल्लं ते विचारलं. शोभाताई बसून ऐकत होत्या. त्यांचीही दोन्ही मुलं बाहेरगावी. फोन ठेवला तशा उठल्या. निघताना चपला घालत म्हणाल्या, "आमचा टीव्ही कवा बिघडते काय माहीत!"

*

शेवटी पोथी पूर्ण झाली त्या दिवशी मीच जाऊन सेल आणला. पोरगा दिवसभर कामानं थकतो, वरून आईचा हा रोजचा घोर, देवालाही आवडलं नसतं. विशालनं फोनवर सांगितलं तसा तो बसवला. मेन बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. कॉम्प्युटर न विचारता, न अडता, सरळ सुरू झाला.

"झालं, आई!"

"झालं बाबू."



"ठेवू?"

"ठेव."

दुसऱ्या दिवशी दिवा लावला, फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी भजनं टाइप केली. कॉम्प्युटर अगदी शहाण्यासारखा चालत होता.

रविवारी फोन आला.

"जेवलीस?"

"हो."

"गोळ्या घेतल्या?"

"घेतल्या."

आता तो 'ठेवतो' म्हणणार, म्हणून मी फोन कानापासून थोडा दूर केला होता.

"आई, ऐक नं. इथे कपाट आवरताना अजून एक जुनी हार्डडिस्क सापडली. तिसरीही लावता येते. कुरिअर करू का?"

"काय आहे रे तिच्यात?"

"काही नाही," विशाल म्हणाला. "रिकामीच आहे."

"मग पाठव बाबू. उद्याच पाठव!"