दिगंबररावांचा तिसरा अल्बम

दिगंबररावांना ऐकण्याचा षोक होता, ऐकून घेण्याचा नव्हता. सदाशिव पेठेत यात कुणाला काही विसंगत वाटलं नाही.

विमा कचेरीत त्यांची उभी हयात लोकांचे दावे नामंजूर करण्यात गेली. निवृत्तीनंतर नामंजूर करायला घरात फारसं काही उरलं नाही. मग त्यांनी सगळं लक्ष पेपर ॲडमिरलवर केंद्रित केलं. हा सत्तरच्या दशकातला एक इंग्लिश रॉक बँड. त्यात गिटार नव्हती. कीबोर्ड मात्र चार होते आणि चारही एकच माणूस वाजवायचा. पाच अल्बम काढून बँड फुटला. इंग्लंड त्याला विसरलं. सदाशिव पेठ विसरली नाही.

स्वराली त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहायची. साहित्यात एम.ए. झालेली. पहिल्या आठवड्यात ती पाणी किती वाजता येतं ते विचारायला खाली आली, तेव्हा आत टेपवर काहीतरी वाजत होतं. ती दारातच थांबली. हे काय आहे, असं तिने विचारलं. दिगंबररावांनी तिला बसायला सांगितलं आणि मधे बोलू नका म्हणाले. ती बसली. पुढे चार वर्षं ती मधे बोलली नाही.

कारण मंडळाचा नियमच तसा होता. कोजागिरीनंतरच्या रविवारी दिगंबररावांच्या दिवाणखान्यात सभा भरायची. आधी अल्बम ऐकायचे. मग ज्याने बँड सर्वांत आधी ऐकला त्याने आधी बोलायचं, नंतर ऐकणाऱ्याने नंतर. वय, शिक्षण, अक्कल यांचा विचार होत नसे. शेवटी मतदान. नव्या सभासदाला चार वर्षं फक्त कान उघडे ठेवायची मुभा, पाचव्या वर्षी तोंड आणि मत.

सभासद एकूण पाच. दिगंबरराव. त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र इम्तियाज, शनिवार पेठेत चष्म्याचं दुकान. वारज्याचे रणजितराव आणि त्यांचे मेहुणे इंद्रजीत. आणि स्वराली. दिगंबररावांच्या पत्नी वासंतीकाकू सभासद नव्हत्या. त्या चहा करायच्या.

मंडळाचं एकच भांडण होतं, पण ते पिढीजात दाव्यासारखं चालू होतं. रणजितराव दुसऱ्या अल्बमच्या बाजूचे, तो 'सॉल्ट ऑफिस'. दिगंबरराव तिसऱ्याच्या बाजूचे, तो 'द टाइडकीपर'. इंद्रजीत मेहुण्याबरोबर, इम्तियाज मित्राबरोबर. दोन-दोन मतं. बरोबरी झाली की यजमानाचं मत जास्तीचं, असा नियम यजमानानेच केलेला. यंदा मात्र स्वरालीला मत मिळणार होतं. यंदाचा निकाल कायमचा, पुन्हा वाद नाही, असं दिगंबररावांनीच सर्वांकडून वदवून घेतलं होतं. पोरगी आपली, अशी त्यांची खात्री होती. ज्या सुरांनी ती दारात खिळली, ते तिसऱ्याच अल्बमचे होते.

नेमकं सांगायचं तर अल्बमच्या शेवटच्या चार मिनिटांचे.

गाणं संपतं. थोडी खरखर होते. मग एकटा कीबोर्ड सुरू होतो, जुनाट, धापा टाकत असल्यासारखा. सूर कुठेतरी यमनाच्या आसपास फिरतात. मधेच वादन थांबतं. शांतता. मग एक धातूचा खणखणाट. पुन्हा शांतता. पुन्हा तोच सूर, जिथे सोडला होता तिथूनच. आणि अर्ध्या सुरावर सगळं तुटतं.

या चार मिनिटांवर दिगंबररावांची इभ्रत उभी होती. त्यांनी त्यावर एका दिवाळी अंकात बारा पानी लेख लिहिला होता. ती शांतता म्हणजे महायुद्धानंतरच्या युरोपची पोकळी. तो खणखणाट म्हणजे यंत्रयुग. यमनापर्यंत जाऊनही यमनात न शिरणं हा गोऱ्या माणसाचा संयम. आणि शेवट तोडण्याला जे धैर्य लागतं ते रणजितरावांसारख्या सिव्हिल इंजिनिअरला कळणार नाही, असंही शेवटच्या परिच्छेदात नाव न घेता आलं होतं.

मंडळाने हे अल्बम मूळ तबकडीवर कधी ऐकलेच नव्हते. एक्क्याऐंशी साली लंडनहून आलेल्या कुणा ओळखीच्याकडून दिगंबररावांनी तबकड्या एका दिवसापुरत्या आणल्या. जोडायला वायर नव्हती, म्हणून स्पीकरसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि कॅसेटी भरून घेतल्या. बाकी सगळ्यांच्या कॅसेटी त्यांच्यावरून उतरवलेल्या. पुण्यात पेपर ॲडमिरल होता तो एवढाच.

यंदा गणपतीच्या सुमारास कुठल्याशा कंपनीने पाचही अल्बम इंटरनेटवर टाकले. फोनवर गाणी ऐकणं दिगंबररावांच्या मते बशीतून समुद्र बघण्यासारखं होतं. स्वरालीने मात्र ऐकले. तिसरा अल्बम लावून ती गादीवर पडली. शेवटचं गाणं संपलं आणि पुढे काहीच नाही. तिला वाटलं, फोन अडकला. तिने पुन्हा लावलं. मग परदेशातल्या चाहत्यांच्या गटावर चौकशी केली. लीड्सच्या एका म्हाताऱ्याने उत्तर पाठवलं, की असं काही त्या अल्बमवर कधीच नव्हतं. आपली प्रकृती बरी असेल अशी आशाही त्याने व्यक्त केली.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर सभेतच, असं तिला वाटलं. सभेत तिचा नंबर शेवटचा.

रविवारी सगळं रीतीप्रमाणे झालं. तिसरा अल्बम वाजला. शांततेच्या जागी इम्तियाजनी नेहमीप्रमाणे चष्मा काढून पुसला. मग दिगंबरराव बोलले, म्हणजे त्यांनी लेखातलीच पानं तोंडी म्हणून दाखवली. इम्तियाजचं भाषण दरवर्षी एकाच वाक्याचं असायचं. तो वाजवणारा गप्प होतो ना, तिथे आपल्याला अब्बा आठवतात, म्हणाले. विषय संपला.

रणजितरावांनी यंदा कंबर कसली होती. 'सॉल्ट ऑफिस'मध्ये पाया आहे, मोजमाप आहे, असं त्यांनी हातांनी भिंती बांधत सांगितलं.

"आणि तुमच्या टाइडकीपरचा शेवट म्हणजे निघालेला पाहुणा. उठलाय, चपला घातल्यात, आणि जिन्यात उभा राहून अर्धा तास बोलतोय."

"वारज्याहून येणाऱ्याला सगळंच लांब वाटतं," दिगंबरराव म्हणाले.

इंद्रजीतनी मेहुण्यांच्या म्हणण्याशी सहमती दाखवली. त्यांनी बँड ऐकला होता की नाही, याबद्दल मंडळात दोन मतं होती.

मग स्वराली. दिगंबररावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू कन्यादान आज त्यांच्याच हातून व्हायचं आहे.

"काका, ती चार मिनिटं अल्बमवर नाहीत."

तिने फोनवर शेवटचं गाणं लावलं. ते संपलं. सगळे वाट बघत बसले. काही आलं नाही.

दिगंबररावांनी विमा कचेरीतला आवाज काढला. कंपन्या हल्ली जागा वाचवायला कापतात, म्हणाले. स्वरालीने लीड्सच्या म्हाताऱ्याचं उत्तर वाचून दाखवलं. ते म्हणाले, लीड्सचे लोक काय ऐकणार. पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रणजितरावांच्या चेहऱ्यावर मात्र वारज्याचा सूर्योदय झाला.

"मग कॅसेटवर वाजवतंय कोण? तुमचा संयमी गोरा इथे राहायला आला होता का?"

इम्तियाजनी उठून कॅसेट थोडी मागे घेतली आणि पुन्हा लावली. खरखर. सूर. शांतता. खणखणाट.

"ती सांडशी," वासंतीकाकू म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कुणी विचारलं नव्हतं, पण सगळे त्यांच्याकडे बघत राहिले, तेव्हा त्यांनी सांगितलं. भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज. तबकड्या आणल्या त्या दुपारी हे कॅसेट भरायला लावून दळण आणायला गेले. जाताना बजावून गेले, की गाणी संपेपर्यंत घरात हूं की चूं नको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे त्यांनी ऐकलं. गाणी संपली. मग त्या आतल्या खोलीत पायपेटीवर बसल्या, कारण विशारदची परीक्षा तोंडावर आली होती. टेप बंद करायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मधे दूध उतू जायला लागलं म्हणून उठल्या. घाईत सांडशी पडली. परत येऊन बसल्या. कॅसेट भरली, तिथे सूर तुटला.

"आणि परीक्षा?" स्वरालीने विचारलं.

परीक्षा राहिली. पायपेटीच्या आवाजाने यांना गाणी नीट ऐकू येत नसत. ती भजनी मंडळाला देऊन टाकली. त्या जागी कपाट आलं, कॅसेटींचं.

स्वरालीने विचारलं, की मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत.

"मला कुठे नंबर होता?"

इम्तियाजनी चष्मा काढला, पण पुसला नाही. ते म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षं मी तुमच्या दुधावर रडतोय." आणि हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, ते या वेळी कशावर, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता सगळे दिगंबररावांकडे बघत होते. एवढं त्यांना कळलं होतं, की काहीतरी बोललं पाहिजे. स्वरालीला वाटलं, हा माणूस उठेल. पत्नीकडे जाईल. निदान तिचं नाव घेईल. बारा पानं लिहिली होती त्याने, त्यातलं एक वाक्य तरी सापडेल.

दिगंबररावांनी घसा साफ केला.

"डावा हात कच्चाच होता. मला पहिल्यापासून वाटायचं."

स्वराली साहित्यात टीकेचे पुष्कळ प्रकार शिकली होती. हा नव्हता.

इंद्रजीतनी मान डोलावली. आपल्यालाही मधली शांतता उगाच ताणल्यासारखी वाटायची, म्हणाले. इतकी वर्षं ज्या चार मिनिटांशी रणजितराव लढले, ती त्यांना आता बरी वाटायला लागली असावीत, पण हे कबूल करायला ते वारज्याहून आले नव्हते.

मतदान घ्यायचं का, असं कुणीतरी हळूच विचारलं. दिगंबररावांनी घेतलं. इम्तियाजनी मत त्या चार मिनिटांना दिलं. स्वरालीनेही. ती अल्बमवर नाहीत, सबब दोन्ही मतं बाद, असा निर्णय दिगंबररावांनी तिथल्या तिथे दिला. या कामात त्यांचा हात बसलेला होता. मग त्यांनी स्वतःचं मत 'सॉल्ट ऑफिस'ला दिलं. ज्याच्या विरोधात त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं, त्याला. स्वरालीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. तिसरा अल्बम त्यांच्या मनातून खरोखरच उतरला होता.

निकाल कायमचा लागला. रणजितरावांनी टाळी दिली नाही, मागितलीही नाही.

वासंतीकाकू अजून दारात होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, आत न जाता बाहेर आल्या आणि इम्तियाजनी सरकवलेल्या खुर्चीत बसल्या.

"चहाचं आधण ठेवलंय. ज्यांना डावा हात कच्चा वाटतो, त्यांनी पुढचं आपलं आपण बघावं."

शेवटी घर कुणाचं, हा प्रश्न आलाच. दिगंबरराव उठून आत गेले. इम्तियाजनी कॅसेट पुन्हा मागे घेतली आणि काकूंना विचारून लावली. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. उजव्या पायाचा चवडा जमिनीवर हलकेच दाबला जात होता.

आतून डबे उघडल्याचे आणि बंद केल्याचे आवाज येत राहिले. साखर कशात असते ते दिगंबररावांना माहीत नव्हतं. विचारायचं तर बाहेर यावं लागलं असतं.